मागच्या न्हाणीघराचं गरम पाणी

पहाटे साडेपाचला शहापुरात पिशवी भरली. म्हसा गावची यात्रा उरकली तरी थंडी हटलेली नाही. पिशवीत पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप, युनियन, दोन एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह), बॉल व्हॉल्व्ह, सोल्व्हंट, टायमर आणि छोटा सर्क्युलेशन पंप. भाचा सोबत. किन्हवलीमार्गे सरळगावच्या अलीकडे पोचेतो साडेसात झाले, बोटं गाडीच्या हँडललाच गोठली होती.

घर मोठं, एकत्र कुटुंबाचं. स्लॅबवर तीनशे लिटरच्या टाकीचा सोलर हीटर. पुढच्या न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याची लाइन, तिथून टाकीकडे परतीची लाइन आणि तिच्यावर एक पंप. थोरल्या मुलाच्या लग्नानंतर अंगणापलीकडे दोन खोल्या आणि मागचं न्हाणीघर निघालं आणि तिकडे जुन्याच लाइनला फाटा काढून सत्तर फूट पाइप गेला, परतीच्या पाइपासह. घरातल्या काकांनी फोनवर सांगितलं होतं, “पंप कमी पडतोय भाऊ, दुप्पट ताकदीचा आण.”

आठ वाजता बादली लावली. कोणतंही काम मोजल्याशिवाय धरायचं नाही, ही माझी सवय. मागच्या न्हाणीघरात ऊन पाणी येईपर्यंत सवा बादली गार पाणी गेलं. पाइपात मावतं पाच-साडेपाच लिटर, पण गारठलेला पाइपही तापावा लागतो. ते सगळं रोज सकाळी गटारात. आमच्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, भातसाचंही पाणी तिकडेच जातं, आणि एप्रिल-मेमध्ये याच डोंगरातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. इथे सवा बादली म्हणजे एका माणसाची आंघोळ.

नऊ वाजता काकांना अंगणातच बसवून समजावलं. पाणी आळशी असतं, जवळची मोकळी वाट दिसली की तिकडूनच वळतं. पुढची फेरी आखूड, मागची लांब. मोठा पंप बसवला तर त्याचा जोर पुढची फेरीच खाणार, वर पाइपात आवाज आणि बिलात युनिट. मागच्या फेरीला तिचा स्वतःचा लहान पंप हवा. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बरं, तुझ्या मनासारखं कर.”

दहा ते साडेबारा स्लॅबवर. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, लाइन रिकामी. पंप परतीच्या बाजूला, टाकीजवळ. तिथं पाणी त्यातल्या त्यात कोमट असतं. पंपावरचा बाण टाकीकडे. भाच्याने पंप उभा धरला, त्याला थांबवलं. “मामा, असाच नीट बसतोय की!” बसतो, पण या पंपाचा आस आडवाच लागतो, उभा ठेवला की आत हवा अडकते, बेअरिंग कोरडं पडतं. दोन्ही फेऱ्यांच्या परतीवर एकेक एनआरव्ही घातला. हे टाळून पैसे वाचवणारे पुष्कळ पाहिलेत. मग एक पंप चालू झाला की पाणी दुसऱ्या बंद पंपातून उलटं फिरतं.  एनआरव्ही नसेल तर दुसरा पंप लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोल्व्हंट वाळेपर्यंत जेवण. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. आजीने हात पुसत विचारलं, “पोरा, दोन-दोन पंप रात्रंदिस चालणार का रं?” नाही आजी, टायमरवर पहाटे पाच ते सात, आणि परतीचं पाणी चाळीस अंशांवर गेलं की मधेच बंद.

अडीचला पाणी सोडलं. पंप गुणगुणतोय, मागचा पाइप मात्र गार. पंपाच्या तोंडावरचा स्क्रू सैल करून हवा काढली, तरी तेच. भाचा हिरमुसला. सगळी लाइन हाताने चाचपत गेलो. अंगणावरून जाताना पाइप एका ठिकाणी वर उचललेला, पहिल्या कारागिराने पत्रा चुकवायला तसा घेतला असावा. त्या कमानीत हवा दडून बसली होती. पाइप खाली घ्यायला जागा नव्हती, म्हणून तिथेच पाइप कापून टी जोडला आणि एअर व्हेंट बसवला. पुन्हा वाळायची वाट. यात दोन तास गेले.

पाचला परत सुरू केलं. व्हेंटमधून फुसफुस झाली, मग पाइप हळूहळू कोमट, मग हात ठेववेना. पुढचा पंप एकटा चालवून पाहिला, मागच्या परतीच्या पाइपात उलटं पाणी फिरलं नाही. एनआरव्ही पक्के धरतायत.

सहाला बादली पुन्हा मागच्या न्हाणीघरात. वहीत लिहिलं: सकाळी सवा बादली, संध्याकाळी दीड तांब्या.