तीन वाजता म्हणजे कधी?



गटाच्या बैठकीला कुणी उशिरा आलं की आपण दंड घेतो. मी एकदा चक्क सहा तास उशिरा पोहोचले होते, तेही परक्या देशात. आज तीच गोष्ट सांगते.

आपल्या कोकणाला लागून जो समुद्र आहे, त्याच्या पार पलीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टांझानिया देश आहे. दार-ए-सलाम हे त्याचं सगळ्यात मोठं शहर. तिथे मी वर्षभर स्वयंसेविका म्हणून राहिले. बायकांच्या बचत गटांना हिशेबाच्या वह्या लिहायला मदत करायची, हे माझं काम.

तिथली भाषा स्वाहिली. पहिल्या बैठकीची वेळ विचारली तर उत्तर आलं, "साआ तातू." तातू म्हणजे तीन, एवढं मला येत होतं. दुपारी तीनला गेले, तर दाराला कुलूप. बायका सकाळी नऊलाच जमल्या होत्या. माझी वाट बघून आपापल्या कामाला गेल्या. एका दिवसाची कमाई बुडवून आल्या होत्या त्या!

झालं असं, की स्वाहिलीत तास दिवस उगवल्यापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्यानं तिथे बाराही महिने सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो. म्हणून सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि नऊ म्हणजे तीन. आपले जुने लोक घटका मोजायचे, त्याही सूर्योदयापासूनच की!

दुसऱ्या दिवशी माफी मागायला निघाले, तेव्हा घरमालकीणबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, आधी नमस्कार शीक. मोठ्या माणसाला "शिकामो" म्हणायचं, ते "मराहबा" म्हणतात. मग घरच्यांची, तब्येतीची विचारपूस. कामाचं बोलणं त्यानंतर. थेट कामाला हात घातला, तर माणूस उद्धट वाटतो.

हे कळलं आणि दिवस सोपे झाले. वाटेत सगळे मला "दादा" म्हणत. आधी हसू यायचं. तिकडे दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ! चहाला चाय, चपातीला चपाती, साखरेला सुकारी, हिशेबाला हेसाबू. किती शतकं त्या समुद्रातून व्यापाराची ये-जा होती, ते या शब्दांत दिसतं. रिक्षाला तिथे "बजाजी" म्हणतात. आपल्या पुण्याच्या कंपनीचं नावच तिथे वाहनाला पडलंय.

जेवायला उगाली, म्हणजे उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घोटून केलेला घट्ट गोळा. सोबत माठासारखी मचिचाची पालेभाजी. उजव्या हातानं गोळा करून भाजीला लावायचा. भाकरी खाणाऱ्या हाताला ते लगेच जमतं. नळाला रोज पाणी नसे, म्हणून बादल्या भरून ठेवायच्या, प्यायचं पाणी उकळायचं. मलेरियामुळे रात्री मच्छरदाणी हवीच.

पुढच्या बैठकीला वेळेवर गेले. पैशांची पेटी मध्ये ठेवली होती. तिला तीन कुलपं, आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. तिघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. बैठक संपताना पेटीतली शिल्लक सगळ्या मोठ्यानं म्हणतात आणि पुढच्या वेळेपर्यंत लक्षात ठेवतात. लिहिता न येणारीलाही गटाचा हिशेब तोंडपाठ. मी वह्या शिकवायला गेले होते, आणि आधी हे शिकले.

मग अध्यक्षबाईंनी दंडाचा वाडगा माझ्यापुढे सरकवला. मागच्या वेळच्या उशिराचा दंड! मी मुकाट्यानं भरला. सगळ्या खळखळून हसल्या. पाहुणीकडून कुणी दंड घेत नाही, मैत्रिणींनो. त्या दिवशी मला वाटलं, आता आपण यांच्यातल्या झालो.

तुमची लेक शिकायला, नोकरीला दूरच्या शहरात जाईल. तिला सांगा, पहिले आठ दिवस कमी बोल, जास्त विचार. आणि आपल्या गावात नवी सून, नवी शिक्षिका, नवी नर्सताई आली, तर तिची चूक झाल्यावर कुजबुजू नका. रीत समजावून सांगा. आणि हो, दंडही घ्या!