पसारा, गबाळेपणा आणि आजार

अव्यवस्थितपणाला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांचे अर्थ एक नाहीत. पसारा ही अवस्था आहे. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत तो टापटिपीच्या घरातही पडतो आणि रात्रीपर्यंत आवरलाही जातो. गबाळेपणा हा स्वभाव. अडगळ आणखी निराळी, कारण ती कोणीतरी जपून ठेवलेली असते. घरातील वृद्धांविषयी बोलताना मात्र आपण हे सारे शब्द एकाच दमात वापरतो आणि नेमके पाहायचे ते राहून जाते.

जन्मभर पुस्तकांच्या ढिगात बसणारे आजोबा ऐंशीव्या वर्षीही तसेच बसत असतील, तर तो आजार नव्हे. त्या ढिगातून हवे ते पुस्तक त्यांना सापडते ना, एवढेच पाहावे. लक्ष द्यायचे ते बदलाकडे. ज्यांच्या निऱ्या कधी विस्कटल्या नाहीत, अशा आजींच्या पदरावर आमटीचे डाग राहू लागले, फ्रिजमध्ये आंबलेले डबे साठू लागले, विजेची बिले न उघडता पडून राहिली, तर रागावण्यापूर्वी ‘हे कधीपासून?’ असे स्वतःला विचारावे.

कारण कधी अगदी साधे असते. मोतीबिंदूमुळे डाग दिसतच नाही. संधिवातामुळे वाकता येत नाही. उतारवयातील नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. अंघोळीचा, कपडे बदलण्याचा कंटाळा एवढेच त्याचे रूप असू शकते. स्मृतिभ्रंशात पायरीपायरीने करायची कामे अडखळू लागतात. मेंदूच्या पुढच्या भागाशी संबंधित प्रकारात तर स्मरणशक्ती आरंभी बरी असते आणि स्वच्छतेची बेफिकिरी आधी दिसते. म्हणूनच ‘सगळे आठवते, मग मुद्दाम करतात’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. थायरॉईड व बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. त्यांची कमतरता भरून काढता येते.

साठवून ठेवण्याच्या अनावर ओढीला अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. तथापि, रेशनच्या रांगेत उभी राहिलेली पिढी रिकामी बरणी सहसा टाकत नाही, आणि तेवढ्यावरून तिला रोगी ठरवू नये. वावरायला जागा उरली नाही, चूल पेटवणे धोक्याचे झाले, वस्तू टाकायचे म्हटले की जीव कासावीस होऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. वृद्धांच्या टोकाच्या आत्मदुर्लक्षाला क्लार्क, माणकीकर व ग्रे या डॉक्टरांनी १९७५ साली ‘डायोजिनिस सिंड्रोम’ म्हटले. नाव तसे अन्यायाचेच! त्या ग्रीक तत्त्वज्ञाने काही साठवले नव्हते. एका मुलाला ओंजळीने पाणी पिताना पाहून त्याने आपला पेलाही फेकून दिला, अशी आख्यायिका आहे.

घर आवरायचे झाल्यास आजी-आजोबा गावी गेले असताना आवरू नये. परतल्यावर वस्तू जागेवर नसल्या की स्मृती क्षीण झालेला माणूस अधिकच गोंधळतो आणि आपल्याच माणसांवर चोरीचा संशय घेऊ लागतो. एका वेळी एकच कप्पा, तोही त्यांच्यासमोर आणि त्यांना विचारून आवरावा. आरंभ पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेपासून करावा, कारण रात्री पाय अडकतो तो तिथेच. त्यानंतर मुदत संपलेली औषधे बाजूला काढावीत. वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणखी महिनाभर राहिला तरी चालेल.