पेट्रोलशिवाय गाव चालेल? कॉलेजच्या वर्गाने लिहिलेला प्लॅन

पेट्रोल महागलं की आपल्या ग्रुपवर मीम्सचा पाऊस पडतो. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत लिटरमागे १२० रुपये ओलांडले, तेव्हाही पडला. दोन दिवस हसायचं, वैतागायचं आणि पुन्हा पंपावरच्या रांगेत उभं राहायचं. पण उद्या तेल खरंच कमी मिळू लागलं तर? या प्रश्नावर आयर्लंडमधल्या कॉलेजच्या मुलांनी अख्ख्या गावाचा प्लॅन लिहून काढला होता.

वर्गातून गावात

किन्सेल हे आयर्लंडच्या दक्षिणेला समुद्राकाठचं छोटं गाव. मासेमारी आणि पर्यटनावर चालणारं. तिथल्या कॉलेजात रॉब हॉपकिन्स हे पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीने शेती आणि वस्ती उभी करायची पद्धत शिकवायचे. २००४ मध्ये त्यांनी वर्गाला 'द एंड ऑफ सबर्बिया' ही डॉक्युमेंटरी दाखवली. तेल कंपन्यांमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले भूगर्भतज्ज्ञ कॉलिन कॅम्पबेल यांनाही बोलावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. तेल एका रात्रीत संपणार नाही, पण उत्पादन एकदा शिखरावर पोहोचलं की स्वस्त तेलाचे दिवस संपतील.

मग हॉपकिन्स यांनी काम दिलं : आपल्या गावाचं काय करायचं, ते लिहा.

मुलांनी गावकऱ्यांना बोलावलं, बैठका घेतल्या. अन्न, घरं, प्रवास, शिक्षण, आरोग्य, कचरा, पर्यटन असा एकेक विषय घेतला. पद्धत मस्त होती. आधी २०२१ मधलं चांगलं किन्सेल डोळ्यांसमोर आणायचं आणि मग तिथून मागे येत, कुठल्या वर्षी काय करायचं ते ठरवायचं. उदाहरणार्थ, गावात नवीन झाडं लावायची तर नुसती शोभेची नकोत, खाण्याजोगी हवीत. २००५ मध्ये हा आराखडा तयार झाला आणि गावच्या कौन्सिलनेही त्याला पाठिंबा दिला.

टॉटनेसचा धडा

हॉपकिन्स पुढे इंग्लंडमधल्या टॉटनेसला गेले. २००६ मध्ये तिथे 'ट्रान्झिशन टाऊन' सुरू झालं. गावात अक्रोड-बदामाची झाडं लागली. ज्यांच्याकडे बाग आहे पण वेळ नाही, त्यांची गाठ बाग नसलेल्यांशी घालून दिली. एका गल्लीतली काही घरं एकत्र बसून वीज, पाणी, प्रवास आणि कचरा कसा कमी करायचा, हे ठरवू लागली.

सगळंच जमलं नाही. पैसा गावातच फिरावा म्हणून २००७ मध्ये 'टॉटनेस पाऊंड' नावाच्या नोटा काढल्या होत्या. लोक रोख पैसे वापरेनासे झाले आणि २०१९ मध्ये त्या बंद कराव्या लागल्या. तेलाचा अंदाजही तंतोतंत ठरला नाही. अमेरिकेत शेल खडकातून नवं तेल निघालं आणि टंचाई पुढे ढकलली गेली.

मग मेहनत वाया गेली का? नाही. २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे पुन्हा शंभरीपार. तेल संपायची गरजच नसते, भाव भडकला तरी गाव अडतं. अशा वेळी परसातली भाजी आणि शेजाऱ्यांची ओळख उपयोगी पडते.

आपलं काय?

भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. म्हणजे आखातात काही झालं की त्याची झळ आपल्या मेसच्या बिलापर्यंत येते.

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असतंच. श्रमदान होतं, पथनाट्य होतं. या वेळी दोन संध्याकाळी एवढंच करून बघा. दत्तक गावात पारावर बसा आणि विचारा : डिझेल आठवडाभर आलं नाही तर पहिलं काय बंद पडेल? पंप, ट्रॅक्टर की दूध संकलनाची गाडी? एसटी दिवसातून किती वेळा येते? बाजारातली कुठली भाजी गावातच पिकू शकते? सायकल, मोटर दुरुस्त करणारं कोण आहे आणि ते काम शिकायला कुणी तयार आहे का?

उत्तरं कागदावर उतरवा, पुढच्या पाच वर्षांत वाटून द्या आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. किन्सेलच्या मुलांकडेही यापेक्षा मोठी डिग्री नव्हती.