फारखत आणि काडीमोड : जुन्या कागदांतील देण्याघेण्याचा निवाडा

जुन्या दप्तरांत ‘फारखत’ असा मथळा असलेला कागद निघाला कीं संग्राहक तो बहुधा सावकारी कागदांच्या रुमालांत बांधून ठेवतो. प्रस्तुत लेखकानेंही अनेक वर्षें तसेंच केलें. फारखत म्हणजे मूळ ‘फारिगखती’, अर्थात् मोकळें केल्याचा लेख. कर्ज फिटलें तरी फारखत, भाऊ विभक्त झाले तरी फारखत, आणि नवराबायकोचा संबंध तुटला तरीही फारखतच. तेव्हां कागदाची जात मथळ्यावरून न ठरवितां आंतील मजकुरावरून ठरविली पाहिजे.

तो मजकूर वाचतांना तीन प्रश्न मनांत धरावे. हा संबंध तोडतां येत होता काय? मोकळीक कोणीं मागितली? आणि दागिने व लग्नखर्च यांचा निकाल काय झाला?

पहिल्या प्रश्नास शास्त्राचें उत्तर एकविध नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत ब्राह्मादि चार धर्मविवाहांना मोक्ष नाहीं. इतर विवाहांत परस्परद्वेष असेल तर मोक्ष आहे. एकाचीच इच्छा असून भागत नाहीं. दुसऱ्या प्रश्नावरून तिसऱ्याचा निकाल लागतो. पत्नीच्या अपराधामुळें पतीनें मोकळीक मागितली तर त्यानें तिच्याकडून घेतलेलें परत द्यावें; पतीच्या अपराधामुळें पत्नीनें मागितली तर तिला तें परत मिळत नाहीं. म्हणजे दोष कोणाचाही असो, तोटा मागणाराकडे येतो.

याज्ञवल्क्यस्मृतींत त्याग आहे. पण त्यानें विवाहबंध तुटत नाहीं. गुणी पत्नीस टाकणाराकडून धनाचा तृतीयांश तिला देववावा, तो निर्धन असल्यास भरणपोषण तरी देववावें, असें तेथें आहे. दुसरी बायको करणारानें पहिलीस आधिवेदनिक द्यावें. पूर्वीं स्त्रीधन दिलेलें असल्यास निम्में. स्त्रीधनाविषयीं नियम असा कीं, दुष्काळ, धर्मकार्य, आजार व अटकाव या प्रसंगीं घेतलेलें परत करण्यास पति बांधलेला नाहीं. इतर वेळीं घेतलेलें परत करावयाचें, हें ओघानेंच आलें.

देशांतील रिवाज मात्र शास्त्रापेक्षां मोकळा होता. पाट अथवा मोहतूर लावणाऱ्या जातींत सोडचिठ्ठी चाले. गवताची काडी मोडून संबंध तोडीत, त्यावरून ‘काडीमोड’ हा शब्द आजतागायत राहिला आहे. पेशवाईंत पाटावर ‘पाटदाम’ नांवाचा कर होता. सोडलेल्या बाईनें पाट लावल्यास पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्यानें भरून द्यावा, असाही कित्येक जातींत रिवाज होता. एल्फिन्स्टनच्या आज्ञेवरून दक्षिणेतील जातिरिवाजांचा जो संग्रह स्टीलनें केला व जो १८२७ मध्यें मुंबईस छापला गेला, तो या कामीं जवळ असावा.

पुढें इंग्रजी कोर्टांनीं या रिवाजांस चाळणी लावली. विवाह तुटल्याचें ठरविण्याचा व बाईस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीस अधिकार नाहीं, असें मुंबई हायकोर्टानें १८७६ मध्यें ठरविलें. जातीनें ठरविलेली रक्कम भरून एका पक्षानें दुसऱ्याच्या संमतीवांचून मोकळें व्हावें हा रिवाजही १९१५ मध्यें त्याच कोर्टानें अमान्य केला. यास्तव कागदांत उभयतांची राजीरजावंदी आहे कीं काय, हें बारकाईनें पहावें. कुणब्याची निशाणी जशी नांगर, तशी बाईची बांगडी. ती निशाणी कागदावर आहे कीं नाहीं याची नोंद अवश्य करावी.

हा विषय केवळ पुराणवस्तूंचा आहे असें कोणी समजूं नये. बडोदें संस्थानांत १९३१ मध्यें, मुंबई प्रांतांत १९४७ मध्यें व सर्व देशासाठीं १९५५ मध्यें हिंदूंच्या घटस्फोटाचे कायदे झाले. १९५५ च्या कायद्यांत कायमच्या पोटगीची तरतूद आहे; उभयसंमतीचा घटस्फोट त्यांत १९७६ मध्यें आला. स्त्रीधन सासरीं ठेवलें तरी तें पत्नीचेंच, पति केवळ विश्वस्त, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ मध्यें सांगितलें. परंतु त्याच १९५५ च्या कायद्याच्या कलम २९ नें रिवाजी काडीमोडही राखून ठेविली आहे. मात्र रिवाज आहे म्हणणारानें तो सिद्ध केला पाहिजे. तो सिद्ध झाला नाहीं तर पहिला विवाह कायम धरला जातो, दुसरा निरर्थक ठरतो, आणि दुसऱ्या संसारांतील बाईचा पत्नी म्हणून वारशावर हक्क उरत नाहीं.

अशा वेळीं त्या जातीच्या जुन्या सोडचिठ्ठ्या रिवाजाचा पुरावा म्हणून उपयोगीं पडूं शकतात. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यांतून पुढें आला तर तो खरा असल्याचें न्यायालयास गृहीत धरतां येतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे. रद्दीवाल्याकडून सुटा घेतलेला कागद येथेंच लंगडा पडतो, कारण तो कोणाच्या घरीं होता हें सांगतां येत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंती इतकीच कीं, अशा कागदाचें गांव, घर, रुमाल व मिळाल्याची तारीख त्याच दिवशीं वेगळ्या चिठीवर लिहून ठेवावी, आणि तो ज्या कागदांबरोबर मिळाला त्यांपासून त्यास तोडूं नये. प्रस्तुत लेखकाच्या संग्रहीं अशा दोन फारखती आहेत. त्या कोणत्या घरांतून आल्या हें त्या वेळीं टिपून ठेवलें नाहीं, आणि आतां तें सांगणारा कोणी उरला नाहीं.