गडाचं घड्याळ
(युरोपातले किल्ले बघायला निघालेल्यांसाठी)

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. रायगड, राजगड, साल्हेर, सिंधुदुर्ग आणि थेट तमिळनाडूतली जिंजी. त्याच बैठकीत बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाचे महालही यादीत आले आणि त्यात जगभर कॅलेंडरांवर छापला जाणारा नॉयश्वानस्टाइन होता. महाराष्ट्रातून युरोपला जाणारी बरीच मंडळी हा किल्ला पाहायचा ठरवून निघतात. त्यांना सह्याद्रीची सवय असते: पहाटे निघायचं, पायथ्याला चहा घ्यायचा, दम लागेल तसं थांबत चढायचं. युरोपातला किल्ला मात्र तिकिटावर छापलेल्या मिनिटाला उघडतो आणि ते मिनिट गेलं की आपल्यासाठी बंद होतो. म्हणून तिथल्या प्रवासाचा हिशेब विमानतळापासून पुढे न मांडता किल्ल्याच्या दारापासून उलटा मांडावा, असं माझं ठाम मत आहे.

नॉयश्वानस्टाइनचाच हिशेब मांडून पाहू. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात. फेरी अर्ध्या तासाची असते आणि प्रत्येक गटाची वेळ ठरलेली असते. समजा, तुमची वेळ दुपारी दोनची आहे. पावणेदोनला दारात असायला हवं. किल्ला डोंगरावर आणि तिकीटघर खाली होहेनश्वांगाउ गावात. मधला चढ पायी तीस ते चाळीस मिनिटांचा आहे, बरोबर आईवडील असतील तर तासाभराचा धरावा. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत नेत नाही, शेवटचा चढ चालावाच लागतो. बसही मिळते. ती वरच्या बाजूला सोडते आणि तिथून किल्ल्याकडे उतरावं लागतं. दोन्हींना रांग असते. म्हणजे साडेबाराला गावात पोचलेलं बरं. गावाला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन फ्युसेन, तिथून बसने दहा मिनिटं. म्युनिकहून फ्युसेनला गाडीने सुमारे दोन तास लागतात आणि काही गाड्या वाटेत बदलाव्या लागतात. म्हणजे म्युनिक साडेनऊच्या सुमारास सोडायचं आणि शक्य असेल तर त्याच्या आधीची गाडी पकडायची.

इथे तिकिटाचा भाग येतो. ‘बायर्न-तिकीट’ नावाचं दिवसभराचं तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं. ते बव्हेरियातल्या साध्या गाड्यांना, म्युनिकच्या लोकलला आणि फ्युसेन ते होहेनश्वांगाउ बसलाही चालतं. वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला हे बंधन नाही. तेव्हा आठवड्याच्या दिवशी हे तिकीट काढून किल्ल्याची सकाळी अकराची वेळ घेऊन ठेवली, तर तो हिशेब जमणारच नाही. आधी गाडी ठरवा, मग किल्ल्याची वेळ घ्या. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात, तेवढं विसरू नये.

किल्ल्याचं तिकीट घरूनच काढावं. उन्हाळ्यात ऐन वेळी मिळेल या भरवशावर जाणं म्हणजे एक दिवस पणाला लावणं. मोठी सॅक आत नेता येत नाही आणि आत फोटोही काढू देत नाहीत. २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला किल्ला बंद असतो. ज्या मारियन पुलावरून तो सुप्रसिद्ध फोटो निघतो, तो पूल बर्फ पडला की बंद करतात आणि वर जाणारी बसही थांबते. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे मनाशी धरूनच निघावं.

मग आत पाहायचं काय? लुडविगने १८६९ मध्ये पायाभरणी केली, तेव्हा गड बांधून लढायचा काळ संपला होता. त्याला मध्ययुगाचं स्वप्न हवं होतं, म्हणून किल्ल्याची पहिली चित्रं नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या ख्रिस्तियान यांक याने काढली. १८८६ च्या जूनमध्ये राजाचा मृत्यू झाला आणि काही आठवड्यांतच किल्ला लोकांसाठी खुला झाला. सिंहासनाची खोली तयार आहे, सिंहासन मात्र कधी आलंच नाही. आपण गडावर गेलो की आधी टाकी शोधतो. इथेही पाण्याची व्यवस्था विचारावी, कारण ती खरोखर पाहण्याजोगी आहे. किल्ल्याच्या वर डोंगरात झरा आहे आणि त्याचं पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर खेळवलं होतं. गरम हवेने खोल्या उबदार ठेवायची सोय होती, नोकरांना बोलवायला विजेची घंटा होती, टेलिफोनही होता. बाहेरून मध्ययुग आणि आतून एकोणिसाव्या शतकातली ताजी यंत्रविद्या, हे पाहायचं असेल तर त्या अर्ध्या तासात छतांच्या चित्रांवरून नजर थोडी खाली आणावी लागते. शेजारी त्याच्या वडिलांचा पिवळा होहेनश्वांगाउ किल्ला आहे. लुडविगचं बालपण तिथे गेलं. गर्दी कमी आणि घर राहतं वाटावं असं. वेळ असेल तर तो जरूर पाहावा.

आता विमानतळ. स्वस्त विमानाच्या तिकिटावर शहराचं नाव असतं, विमानतळ मात्र भलत्याच ठिकाणी असतो. ‘म्युनिक वेस्ट’ म्हणून विकलं जाणारं मेमिंगेन म्युनिकपासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. ‘फ्रँकफर्ट हान’ फ्रँकफर्टपासून सुमारे सव्वाशे, तर ‘पॅरिस बोवे’ पॅरिसपासून पंच्याऐंशी किलोमीटर. तिकीट काढण्यापूर्वी विमानतळाची तीन अक्षरी खूण नकाशावर टाकून पाहावी. वाचलेले पैसे आणि बसचं भाडं, शिवाय गेलेले तास यांची बेरीज करूनच निर्णय घ्यावा.

म्युनिकच्या मुख्य विमानतळावरून शहरात यायला एस१ आणि एस८ या दोन लोकल आहेत. दोन्हींना साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. परतीच्या दिवशी मात्र सावध राहावं. शहराकडून येणारी एस१ नॉयफार्न स्टेशनात दुभंगते: मागचे डबे विमानतळाला जातात, पुढचे फ्रायझिंगला. चुकीच्या डब्यात बसलेला प्रवासी सामानासह भलत्याच गावी पोचतो. डब्यावरची पाटी वाचावी, नाहीतर सरळ एस८ घ्यावी. तिचे डबे तुटत नाहीत.

जर्मन रेल्वे घड्याळासारखी धावते, ही समजूतही घरीच ठेवावी. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साडेबासष्ट टक्केच वेळेवर होत्या, आणि त्यात सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर वेळेवर धरलेला असतो. म्हणून उतरल्या दिवशी किल्ला ठेवू नये आणि परतीच्या विमानाच्या दिवशी तर मुळीच नाही. रात्रभराच्या प्रवासानंतर ज्येष्ठांना चढ चढायला लावणं योग्यही नाही.

जर्मनीबाहेर पडलं, तर स्कॉटलंडमधला एडिंबराचा किल्ला आपल्या गडप्रेमींना सर्वात जवळचा वाटेल. तो विझलेल्या ज्वालामुखीच्या बेसॉल्टवर उभा आहे. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच. विमानतळावरून ट्रामने अर्ध्या तासात शहरात येता येतं. तिकीट फलाटावरच्या यंत्रातून आधी काढायचं. किल्ल्यात वेळेचं तिकीट असतं आणि ऑगस्टमध्ये शहरात उत्सवांची प्रचंड गर्दी असते. रविवार आणि एक-दोन सण सोडले तर १८६१ पासून दुपारी एक वाजता इथे तोफ उडते. तेव्हा पाऊण वाजेपर्यंत आत असावं. चढाच्या फरशा ओबडधोबड आहेत. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी किल्ल्याची गाडी असते, ती मागायला संकोच करू नये.

१५७३ चा वेढा तिथे उभं राहून समजून घ्यावा. तोफांच्या माऱ्यात डेव्हिड्स टॉवर कोसळला, त्याचा ढिगारा विहिरीवर पडला, पाणी तुटलं आणि किल्ला शरण गेला. तटाची उंची त्यापुढे कामी आली नाही. गडावर हिंडलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

व्हिसाचं एक इथेच सांगतो. स्कॉटलंडला शेंगेन व्हिसा चालत नाही, ब्रिटनचा वेगळा लागतो. आणि म्युनिकहून एडिंबरा करून पुन्हा प्रागला जायचं असेल, तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असेल तर ब्रिटनला गेल्यावर तो संपतो.

प्राग सोपं आहे. विमानतळावरून ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस, पुढे मेट्रो किंवा ट्राम, सगळ्याला एकच नव्वद मिनिटांचं तिकीट पुरतं. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि दंड जागेवरच होतो. किल्ल्याला खालच्या पायऱ्यांनी जाऊ नये. २२ क्रमांकाच्या ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राड’ थांब्यावर उतरलं की जवळजवळ सपाट रस्त्याने आत जाता येतं आणि येताना पायऱ्या उतरता येतात. आवार पहाटेपासून खुलं आणि विनामूल्य असतं. तिकीट इमारतींना लागतं. जुन्या राजवाड्यातला व्लादिस्लाव दालनाचा जिना घोडेस्वारांना चढता यावा असा रुंद आणि उतरता बांधलेला आहे. जवळच्याच खोलीच्या खिडकीतून १६१८ च्या मे महिन्यात दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस बाहेर फेकले गेले, तिघेही जगले, आणि पुढे तीस वर्षं युरोप युद्धात होरपळला.

प्रागहून फ्रँकफर्टमार्गे मुंबईला येत असाल, तर पासपोर्टची तपासणी प्रागला नव्हे, फ्रँकफर्टला होते, कारण शेंगेनची हद्द तिथे ओलांडली जाते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर परदेशी प्रवाशांची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो. दोन विमानांमध्ये तासाभराचं अंतर तिकीट विकणाऱ्याला पुरेसं वाटलं, तरी आपण निदान अडीच तासांचं घ्यावं.