माणदेशची धावती पोरे : कोणाकडे लक्ष ठेवावे?



पावसाळा ओसरू लागला की शाळाशाळांतून धावण्याच्या शर्यतींचे दिवस येतात. आधी शाळेतली निवड, मग तालुका, मग जिल्हा, पुढे विभाग आणि राज्य, असा हा जिना आहे. मुलांचे गट वयावरून पडतात : १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील आणि १९ वर्षांखालील. दहिवडी, म्हसवड, आटपाडी या बाजूची मुले दर वर्षी या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहतात. शंभर मीटरची शर्यत असली म्हणजे मैदानाभोवती गर्दी मावत नाही. आठशे, पंधराशे, तीन हजार मीटर सुरू झाली की निम्मी मंडळी चहाला निघून जातात. आज बोलायचे आहे ते या लांबच्या शर्यतींविषयी. आपल्या कोरडवाहू मुलखातल्या लेकरांनी धावण्यात जे मोठे नाव मिळवले, ते याच शर्यतींत मिळवले आहे.

यंदा कोणावर नजर ठेवावी, असे लोक विचारतात. मुलांची नावे काही मी घेणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर नावाचे ओझे ठेवू नये. आणि ती नावे गुरुजींच्या हजेरीपटात आहेतच की! होतकरू मूल ओळखावे कसे, आणि ओळखल्यावर जपावे कसे, एवढेच आज पाहू.

आधी एक उदाहरण घेऊ. ते घरचेच आहे. माण तालुक्यातले मोही हे गाव. तिथल्या शेतकरी घरात १९८९ साली ललिता बाबर यांचा जन्म झाला. २००५ साली पुण्यास झालेल्या २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. वय असेल सोळाच्या आसपास. आता वर्ष-दोन वर्षांत ही मुलगी परदेशातून पदक आणणार, असे कोणालाही वाटले असते. पण तसे झाले नाही. त्या धावत राहिल्या, रेल्वेत नोकरीला लागल्या, मॅरेथॉनकडे वळल्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या २०१४ साली सलग तिसऱ्यांदा पहिल्या आल्या. त्याच वर्षी त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत धरली आणि इंचॉनच्या आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवले. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस.

सोळाव्या वर्षी पहिले राष्ट्रीय सुवर्ण आणि पंचविसाव्या वर्षी पहिले मोठे आंतरराष्ट्रीय पदक. मधली नऊ वर्षे लक्षात ठेवा, मंडळी. आजच्या भाषणाचे सगळे सार त्या नऊ वर्षांत आहे.

ही स्टीपलचेस म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. ही शर्यत मूळची ब्रिटनमधली. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शेताडीतून, कुंपणे आणि ओढे ओलांडत जायचे, त्यातून ती निघाली. आता ती मैदानावर होते. तीन हजार मीटरमध्ये २८ वेळा लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. अडथळ्याची उंची स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर. तो जड असतो, पाय लागला तर तो पडत नाही, माणूस पडतो. दमही पाहिजे आणि पायात उडीही पाहिजे, अशी ही शर्यत. बांध, ताली, ओघळ ओलांडत शाळेला जाणाऱ्या पोरांना ती परकी वाटू नये.

आता ललिताताईंचे आकडे पाहा. इंचॉनला २०१४ मध्ये वेळ ९ मिनिटे ३५.३७ सेकंद. २०१५ मध्ये वुहान येथे आशियाई अजिंक्यपद मिळाले, वेळ ९ मिनिटे ३४.१३ सेकंद. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९ मिनिटे २७.८६ सेकंद, आणि अंतिम शर्यतीत आठवा क्रमांक. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद. दोन वर्षांत पंधरा सेकंदांहून अधिक वेळ त्यांनी कमी केला. १५ ऑगस्ट २०१६ रोजी त्या ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ साली पी. टी. उषा लॉस एंजेलिसला अंतिम शर्यतीत धावल्या होत्या. त्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय स्त्रीला प्राथमिक फेरीतून धावण्याच्या वैयक्तिक ऑलिंपिक अंतिम शर्यतीत स्थान मिळाले, ते माणच्या लेकीमुळे. त्यांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला. २०२३ मध्ये तो पारुल चौधरी यांनी मोडला. ललिताताई पुढे राज्य शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी झाल्या.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे. तोही आपल्यासारखाच पावसाची वाट पाहणारा मुलूख. शाळा सहा किलोमीटर लांब, तेव्हा चालत नाहीतर पळत जावे लागे. पण शालेय स्पर्धांतला नामवंत खेळाडू म्हणून हा मुलगा कोणाला ठाऊक नव्हता. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. २०१५ च्या सुमारास लष्करातल्या क्रॉस-कंट्री शर्यतींपासून त्याचे खरे धावणे सुरू झाले. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा वय २९.

यावरून काय दिसते? लांबचे धावणे हे उशिरा पिकणारे पीक आहे. लहान वयात अंगाने लवकर भरलेले मूल पुढे असते. चौदाव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा बारीक सवंगड्याला सहज मागे टाकतो. पण तीन-चार वर्षांनी तो बारीक पोरगाही उंच होतो, त्याची छाती भरते, आणि हिशेब बदलतो. म्हणून गुरुजी, पहिल्या आलेल्याला शाबासकी जरूर द्या. पण वहीत चौथ्या-पाचव्याचेही नाव लिहून ठेवा.

वहीत नेमके काय लिहावे? एक साधी परीक्षा सांगतो. मैदानाच्या मध्यावर खुंटी ठोका. तिला ३१ मीटर ८३ सेंटिमीटर दोरी बांधा आणि ताणून गोल फिरवत फक्कीने रेघ मारा. हा गोल बरोबर २०० मीटरचा होतो. पाच फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर. मुलांना पाच फेऱ्या धावू द्या आणि प्रत्येक फेरीची वेळ वेगळी टिपा.

समजा, एका मुलीच्या फेऱ्यांची वेळ अशी आली : ४१, ४५, ४८, ५१, ४८ सेकंद. एकूण ३ मिनिटे ५३ सेकंद. दुसरीची आली : ४८, ४८, ४८, ४७, ४४. एकूण ३ मिनिटे ५५ सेकंद. पहिली जिंकली. पण लक्ष ठेवावे ते दुसरीकडे. तिने दम वाटून वापरला, आणि शेवटी तिच्यापाशी शिल्लक होती. पहिलीला समान गतीने धावायला शिकवले तर तीही सुधारेल, ही गोष्ट निराळी.

दुसरी खूण नाडीची. शर्यत संपताच मनगटावर बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा, त्याला चाराने गुणा. दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. ठोके जितक्या लवकर खाली येतात, तितके हृदय तयारीचे. तिसरी खूण आकड्यात मावत नाही. पाऊस असो की थंडी, न बोलावता मैदानावर येणारे मूल कोणते? हरल्यावर दुसऱ्या दिवशी कोण आले? या खुणेला मी सर्वांत जास्त मोल देईन.

आता जपण्याचे बोलू. होतकरू पोर सापडले की आपल्याला घाई होते. तालुक्याला पहिला आला की लगेच रोज दहा किलोमीटर, तेही डांबरी सडकेवर. असे करू नये. वाढत्या वयात हाडे लवकर लांबतात, स्नायू आणि शिरा मागे राहतात. नडगी दुखणे, टाच दुखणे, गुडघ्याखाली सूज येणे, हे सगळे अंगाचे सांगणे असते, ते ऐकावे. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विसावा. सडकेपेक्षा मातीची वाट बरी. पल्ला वाढवायचा तो थोडाथोडा, आठवड्यांच्या हिशेबाने. सकाळी अंथरुणात असतानाच नाडी मोजायची सवय लावा. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर राहू लागली तर शरीर थकले आहे असे समजून दोन दिवस सुट्टी द्या. उन्हाळ्यात धावणे सूर्य वर येण्याआधी उरकावे. आणि खो-खो, कबड्डी बंद करू नका, बरं का. त्या खेळांनी पाय चपळ होतात.

आणखी एक. जन्मतारखेत फेरफार करून मुलाला लहान गटात धाववण्याचा मोह कोणी धरू नये. पकडले गेले तर बंदी येतेच. पण न पकडले तरी लबाडीचे पदक पोराला काही शिकवत नाही.

खाण्याची गोष्ट महत्त्वाची. माणदेशी माणूस काटक, तो अर्ध्या भाकरीवर पळतो, असे आपण कौतुकाने म्हणतो. हे कौतुक मुलांच्या जिवावर बेतते. धावणाऱ्या मुलाला इतरांपेक्षा जास्त अन्न लागते. बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, दूध, जमेल तिथे अंडे. एवढ्यावर चांगले भागते, डबाबंद पावडरींची गरज नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी गाडीच कमी. मग दम कुठून राहणार? शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, ती मुलींनी टाकून देऊ नये. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागते. धावणाऱ्या मुलीची मासिक पाळी काही महिने थांबली तर लाजून गप्प बसू नये. बहुधा अन्न कमी पडते आहे याची ती खूण असते. तिला डॉक्टरांकडे न्यावे.

आणि आता आई-बापांशी दोन शब्द. मुलगी धावते तोवर कौतुक, दहावी झाली की, "आता पुरे झाले." मग ती नऊ वर्षे कुठून येणार? सोळाव्या वर्षी जिंकलेल्या मुलीला सतराव्या-अठराव्या वर्षी उजवून टाकले, तर पंचविसाव्या वर्षीचे पदक कोणाच्या गळ्यात पडायचे? अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, हे तर आहेच. पण अठरा पूर्ण झाले म्हणजे धावणे संपले असेही नव्हे.

दिवाळी झाली की कितीतरी घरे ऊसतोडीला निघतात. मेंढ्यांमागे वाड्यावर जाणारी कुटुंबे आहेत, गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात राहणारी आहेत. पोट आहे, जावे लागते. पण धावणारे पोर आजीपाशी, मामाकडे किंवा वसतिगृहात ठेवता आले तर ठेवा. गुरुजींनी आपण होऊन घरी जाऊन ही गोष्ट काढावी, कारण आई-बाप स्वतः विचारायला संकोचतात.

खेळून काय मिळते, असे विचारणारेही भेटतात. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे. शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी आहेत. त्यांच्या निवड चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. रेल्वे, सैन्य, पोलीस येथे खेळाडूंना वाव असतो. म्हसवडला माणदेशी फाउंडेशन ग्रामीण मुलामुलींना खेळाचे शिक्षण देते. पण हे सारे नंतरचे. सगळी मुले ऑलिंपिकला जाणार नाहीत, हे उघड आहे. जे मूल पाच-सात वर्षे नेमाने धावले, पोटभर जेवले, वेळेवर झोपले आणि हरूनही दुसऱ्या दिवशी मैदानावर आले, त्याचे आयुष्य वाया जात नाही.

तेव्हा यंदाच्या तालुका स्पर्धेला जाल तेव्हा तीन हजार मीटरची शर्यत पुरी होईस्तोवर थांबा. पहिला कोण आला ते तर कळेलच. शेवटच्या फेरीत मागून वर येत कोण आहे, ते पाहा. त्याच्या गुरुजींना त्याचे नाव विचारा, आणि पुढच्या वर्षी ते पोर मैदानावर पुन्हा दिसते की नाही, याची चौकशी करा. दिसले नाही, तर त्याच्या घरी जाऊन या.