अश्वांचा भौतिकोपचार : आधी अधिकार, मग कौशल्य

भंडारा जिल्ह्यात घोडा दिसतो तो बहुधा लग्नाच्या वरातीत. धानाच्या या प्रदेशात शेतीची कामे बैलांनी केली. घोड्यांचा तबेला येथे विरळाच. तरीही तुमसर, पवनी किंवा साकोलीच्या एखाद्या व्यापारी घरातील मुलीने दहावीनंतर ‘घोड्यांची फिजिओथेरपिस्ट व्हायचे आहे’ असे सांगितले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला मुक्या प्राण्याची वेदना जाणवणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो मार्गाचा, आणि त्याचा निर्णय अकरावीच्या प्रवेशापूर्वीच घ्यावा लागतो.

प्रथम हे काम समजून घ्यावे. प्रौढ घोड्याचे वजन साधारण चारशे ते पाचशे किलो असते आणि त्यातील सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो. त्या पायांच्या गुडघ्याखाली स्नायूंचे मांस जवळजवळ नसतेच. असतात त्या कंडरा आणि अस्थिबंध. त्यांना रक्तपुरवठा कमी असल्याने दुखावलेली कंडरा भरून येण्यास कित्येक महिने लागतात. या काळात घोड्याची चाल न्याहाळणे, हाताने दुखरी जागा शोधणे, थंड पाण्याची धार देणे, ठरावीक मापाने चालवणे, जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून पावले टाकायला लावणे आणि व्यायाम हळूहळू वाढवणे, हे भौतिकोपचाराचे काम होय. मोतद्दार, नालबंद आणि पशुवैद्य यांच्याशी मेळ राखल्याशिवाय ते साधत नाही.

या व्यवसायाकडे जाणारे मार्ग मुख्यतः दोन. पहिला पशुवैद्यकाचा. भारतात १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार प्राण्यांवर उपचार करण्याचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा असतो. त्यासाठीची पदवी साडेपाच वर्षांची असून त्यातील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष सेवेचे असते. प्रवेश ‘नीट’ परीक्षेतून होतो. म्हणून अकरावीत जीवशास्त्र सोडून चालत नाही. भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांना यासाठी दूर जावे लागत नाही. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचे. पदवीनंतर शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्र या विषयात दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास लंगडेपणाचे निदान करण्याचा पाया पक्का होतो.

जैन कुटुंबाने येथे एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. पशुवैद्यकीय अभ्यासक्रमात मृत प्राण्यांचे विच्छेदन असते, तसेच पशुजन्य पदार्थांच्या विषयात मांस व कत्तलखान्याच्या तपासणीचाही भाग येतो. असाध्य यातनेतील प्राण्याला मरण देण्याचा प्रश्नही पुढे उभा राहतो. प्रवेशानंतर तिसऱ्या वर्षी यावरून मन मोडण्यापेक्षा प्रवेशापूर्वी घरात मोकळेपणाने बोलणे हिताचे. कोणी हे सारे रोगनिवारणाच्या हेतूने स्वीकारील, कोणाला ते पेलणार नाही. दोन्ही निर्णय प्रामाणिक असू शकतात.

ज्याला ते पेलत नाही, त्याच्यासाठी दुसरा मार्ग माणसांच्या फिजिओथेरपीच्या पदवीचा. नागपुरात तिचीही सोय आहे. मात्र या पदवीने प्राण्यावर स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. पशुवैद्याच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. ब्रिटनमध्ये हाच मार्ग रुळलेला आहे. तेथे आधी माणसांची फिजिओथेरपी शिकून नंतर प्राण्यांचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांची स्वतंत्र संघटना आहे, तर हार्पर ॲडम्स विद्यापीठात थेट पशु-फिजिओथेरपीची पदवी मिळते. तरी तेथेही उपचार पशुवैद्याच्या सूचनेनेच होतात. या मार्गाचा एक लाभ असा की घोड्यांचे काम मिळेपर्यंत माणसांची सेवा करून उपजीविका चालते.

व्यापारी घरात माल घेण्यापूर्वी त्याला बाजार आहे का, हे पाहतात. शिक्षणालाही तोच न्याय लावावा. काही आठवड्यांत प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम आकर्षक वाटतात. परंतु ‘या प्रमाणपत्रावर भारतात कोणता अधिकार मिळतो?’ हा प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारावा. पदवीनंतर कौशल्य वाढवण्यासाठी असे प्रमाणपत्र उपयोगी पडेल; पदवीच्या जागी ते चालणार नाही.

कामाचे क्षेत्र मर्यादित आहे, हेही मान्य करावे. मुंबई-पुण्याची रेसकोर्स, पुणे परिसरातील अश्वपैदास केंद्रे, सैन्यदलाचा अश्व व पशुवैद्यकीय विभाग, अश्वारोहण शाळा ही प्रमुख ठिकाणे. २०२३ च्या हांगझोउ आशियाई क्रीडा स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. अश्वारोहणात १९८२ नंतरचे भारताचे ते पहिले सुवर्ण. या खेळाकडे तेव्हापासून अधिक लक्ष जाऊ लागले. शर्यतीवरील पैजेचे अर्थकारण ज्यांना रुचत नाही, त्यांच्यासाठी वीटभट्टीवर राबणाऱ्या घोड्या-खेचरांची सेवा करणाऱ्या ब्रुक इंडियासारख्या संस्था आहेत. माथेरानला पर्यटकांना वाहून नेणाऱ्या घोड्यांनाही जाणकार हातांची गरज असते. येथे मिळकत थोडी, पण वेदना तीच.

गावी परतण्याची इच्छा असेल तर पशुवैद्यकाची पदवी अधिक सोयीची. भंडाऱ्यात घोडे थोडे असले तरी गायी, म्हशी आणि बैल घरोघरी आहेत. बैलाचा मुरगळलेला पाय पाहणाऱ्याला काम कमी पडणार नाही.

म्हणून दहावीच्या सुट्टीत पालकांनी पाल्याला काही दिवस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि शक्य झाल्यास नागपूरच्या महाविद्यालयात नेऊन काम दाखवावे. जखम, शेण, रक्त आणि पहाटेची वेळ पाहूनही ओढ टिकली, तर अकरावीला जीवशास्त्र घ्यावे. नाही टिकली, तर दोन वर्षे आणि बराच पैसा वाचला असे समजावे.